घरच्या संगणकाला दुसरा मॉनिटर कसा जोडावा?

एकाच संगणकाला दोन मॉनिटर जोडले की एका स्क्रीनवर मूळ कागद उघडा ठेवता येतो आणि दुसऱ्या स्क्रीनवर लिहिता येते. त्यासाठी दुसरा सीपीयू, कीबोर्ड किंवा माउस लागत नाही. बहुतेक घरगुती संगणकांत आणि लॅपटॉपमध्ये ही सोय आधीपासूनच असते. लागतो तो एक मॉनिटर, योग्य केबल आणि पाच-दहा मिनिटे. पैसे वाया जातात ते बहुधा चुकीच्या केबलवर किंवा उलट्या दिशेच्या कन्व्हर्टरवर. म्हणून खरेदीआधी काय पाहावे, जोडणी कशी करावी आणि चित्र आले नाही तर काय तपासावे, याची ही क्रमवार माहिती.

दुसऱ्या स्क्रीनचा उपयोग काय?

जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे राज्यभर माहीत झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मराठवाड्यातील निजामकालीन आणि इतर जुन्या कागदपत्रांत कुणबी नोंदी तपासणे हे तिचे काम होते. पुढे ते राज्यभर वाढवण्यात आले. तपासलेल्या कागदांत मोडी आणि उर्दूतील नोंदीही होत्या. सापडलेल्या नोंदींच्या स्कॅन प्रती जिल्हा प्रशासनांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आल्या.

अशी प्रत समोर ठेवून वंशावळ तयार करायची असेल, तर एका स्क्रीनची अडचण लगेच कळते. जुन्या नोंदवहीचे पान मोठे, शाई फिकी, अक्षर दाट. पान मोठे करून नाव वाचायचे, ते लक्षात ठेवायचे, मग विंडो बदलून टाइप करायचे. या अदलाबदलीत ‘गणपत’चा ‘गणपती’ होतो, सर्व्हे नंबर ११२ चा १२१ होतो. एका अक्षराच्या फरकाने अर्जातले नाव आणि पुराव्यातले नाव जुळत नाही, आणि तहसीलच्या फेऱ्या वाढतात. दुसरी स्क्रीन चूक दुरुस्त करत नाही. पण मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे चूक तिथल्या तिथे दिसते.

हेच इतर कामांनाही लागू आहे. सातबारा पाहून पीकविम्याचा किंवा महाडीबीटीचा अर्ज भरणे, बिले पाहून टॅलीत नोंदी करणे, उत्तरपत्रिकांचे गुण तक्त्यात उतरवणे, व्हिडिओ पाहत टिपणे काढणे, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ताडून पाहणे, अशा सर्व कामांत दोन स्क्रीन उपयोगी पडतात.

मात्र खर्च करण्याआधी एक साधा प्रयोग करून पाहावा. एक विंडो उघडून विंडोज + डावा बाण दाबावा आणि दुसरी उघडून विंडोज + उजवा बाण. एकाच स्क्रीनचे दोन भाग होतात. २४ इंचांच्या मॉनिटरवर अनेकांचे काम यातच भागते. अक्षरे फार बारीक होत असतील किंवा रोज काही तास असे काम असेल, तर दुसरा मॉनिटर घेणे योग्य.

आधी पोर्ट ओळखावेत

केबल जिथे लावतात त्या खाचेला पोर्ट म्हणतात. संगणक आणि मॉनिटर, दोन्हींचे पोर्ट पाहून मगच केबल घ्यावी. मोबाइलवर दोन्हींच्या मागच्या बाजूचा फोटो काढून तो दुकानात दाखवणे सर्वांत सोपे. हवी ती केबल अंबडला मिळाली नाही, तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून आणावी लागते. चुकीची आणली तर दुसरी फेरी पडते.

• व्हीजीए: बहुधा निळ्या रंगाचा, तीन ओळींत १५ छिद्रे, दोन्ही बाजूंना स्क्रू. १९८७ मध्ये आयबीएमने आणलेला हा प्रकार जुन्या संगणकांवर अजूनही दिसतो. यातून फक्त चित्र जाते, आवाज जात नाही.

• डीव्हीआय: बहुधा पांढरा, व्हीजीएपेक्षा रुंद, यालाही दोन स्क्रू. हा १९९९ चा प्रकार. आता कमी दिसतो.

• एचडीएमआय: चपटा, खालचे दोन्ही कोपरे तिरके. टीव्हीला सेट-टॉप बॉक्स जोडतात तोच. चित्र आणि आवाज दोन्ही जातात.

• डिस्प्लेपोर्ट: एचडीएमआयसारखाच दिसतो, पण एकच कोपरा तिरका असतो. हा २००६ चा प्रकार.

• यूएसबी-सी: लहान, लंबगोल. नव्या फोनच्या चार्जरचा असतो तसा. प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र जात नाही. पोर्टजवळ विजेचे किंवा डिस्प्लेपोर्टचे चिन्ह आहे का ते पाहावे, किंवा मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर खात्री करावी.

लॅपटॉपला एकच एचडीएमआय पोर्ट असला तरी पुरते, कारण त्याची स्वतःची स्क्रीन हीच पहिली स्क्रीन असते. डेस्कटॉपवर एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय असेल, तर बहुतेक वेळा दोन्ही एकाच वेळी चालतात.

डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर मागे दोन ठिकाणी चित्राचे पोर्ट दिसतात: एक गट यूएसबी आणि इंटरनेटच्या पोर्टजवळ, दुसरा खाली आडव्या पट्टीवर. खालचे पोर्ट कार्डाचे. अशा वेळी दोन्ही मॉनिटर कार्डालाच जोडावेत. कार्ड असताना वरचे पोर्ट अनेकदा बंद असतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असतो, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसते. त्यामुळे तिथे वरच्या पोर्टमधून चित्र येतच नाही.

कन्व्हर्टर घेताना दिशा पाहावी

संगणकाला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त व्हीजीए, अशी जोडी अनेक घरांत जमते. इथे साधी केबल चालत नाही. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला अ‍ॅनालॉग लागतो. तो बदलण्यासाठी आत छोटे सर्किट असलेला कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि त्यावर दिशा ठरलेली असते. ‘एचडीएमआय ते व्हीजीए’ कन्व्हर्टर उलटा लावून व्हीजीएचा संगणक एचडीएमआय मॉनिटरला जोडता येत नाही. त्यासाठी ‘व्हीजीए ते एचडीएमआय’ असा वेगळा घ्यावा लागतो.

डिस्प्लेपोर्टचेही तसेच. संगणकाच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयमध्ये जाणारी केबल स्वस्त आणि सहज मिळते. ती उलट्या दिशेने चालत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एचडीएमआय स्प्लिटर. एका पोर्टमधून दोन तोंडे काढणारा हा डबा दोन्ही स्क्रीनवर एकच चित्र दाखवतो. दुकानातल्या दोन टीव्हींसाठी तो ठीक. दोन स्क्रीनवर दोन वेगळी कामे करण्यासाठी तो निरुपयोगी. पोर्टच शिल्लक नसेल तर यूएसबीमधून चित्र देणारा अ‍ॅडॉप्टर मिळतो. त्याचे सॉफ्टवेअर टाकावे लागते. मजकुराच्या कामाला तो पुरतो, गेमसाठी नाही.

मॉनिटर नवाच हवा का?

नाही. कपाटावर पडलेला जुना १७ इंची एलसीडी मॉनिटर कागद वाचण्यासाठी उत्तम चालतो. दोन्ही मॉनिटर एकाच कंपनीचे किंवा आकाराचे असण्याची गरज नाही. जुना घेताना तो चालू करून दहा मिनिटे पाहावा: स्क्रीनवर रेघा येतात का, उजेड कमी-जास्त होतो का, मागचे बटण आणि व्हीजीएच्या पिना धड आहेत का.

घरातला टीव्हीही जोडता येतो. पण ३२ इंचांचे अनेक टीव्ही ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे त्यांचे रिझोल्यूशन साधारण १३६६ × ७६८ एवढेच असते. जवळ बसून वाचताना त्यावर अक्षरे फुटलेली दिसतात. रोजच्या वाचनाच्या कामाला १९२० × १०८० रिझोल्यूशनचा २२ इंची मॉनिटर ३२ इंची टीव्हीपेक्षा बरा. टीव्ही वापरायचाच असेल तर त्याच्या मेन्यूत ‘पीसी’ किंवा ‘गेम’ मोड निवडावा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर चित्राच्या आकाराच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम पर्याय निवडावा.

अँड्रॉइड टॅब असेल तर स्पेसडेस्कसारख्या अ‍ॅपने तो वायफायवरून विंडोजची दुसरी स्क्रीन बनवता येतो. आयपॅड आणि मॅक यांच्यात हीच सोय ‘साइडकार’ नावाने असते.

जोडणीच्या पायऱ्या

१. संगणक आणि दोन्ही मॉनिटर बंद करावेत. एचडीएमआय चालू स्थितीतही जोडता येते, पण घरात अर्थिंग नीट नसेल तर चालू उपकरणांना केबल लावताना पोर्ट जळण्याचा धोका असतो.

२. दोन्ही मॉनिटर आणि सीपीयू एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, तीन पिनांच्या प्लगने लावावेत. वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यास व्हीजीएच्या चित्रात कधी कधी लाटा दिसतात.

३. केबल हलक्या हाताने सरळ बसवावी. व्हीजीए आणि डीव्हीआयचे दोन्ही स्क्रू आवळावेत. जोर लावावा लागत असेल तर केबल उलटी आहे किंवा पोर्ट वेगळा आहे.

४. आधी मॉनिटर, मग संगणक चालू करावा.

५. मॉनिटरच्या ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ बटणाने केबल लावलेला पोर्ट निवडावा.

विंडोजमधील सेटिंग

विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज + पी दाबल्यावर चार पर्याय येतात.

• पीसी स्क्रीन ओन्ली: फक्त पहिली स्क्रीन चालू.
• डुप्लिकेट: दोन्हींवर तेच चित्र.
• एक्स्टेंड: दोन्ही मिळून एक मोठी जागा.
• सेकंड स्क्रीन ओन्ली: फक्त दुसरी स्क्रीन चालू.

दोन वेगळी कामे करायची तर ‘एक्स्टेंड’ निवडावे. त्यानंतर डेस्कटॉपच्या रिकाम्या जागी माउसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावे. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतात. ‘आयडेंटिफाय’ दाबले की कोणत्या मॉनिटरचा कोणता आकडा ते स्क्रीनवर उमटते. टेबलावर दुसरा मॉनिटर डावीकडे असेल तर त्याचा चौकोनही माउसने ओढून डावीकडे ठेवावा आणि ‘अ‍ॅप्लाय’ दाबावे. हे राहून गेले की माउसचा बाण एका कडेला अडकतो आणि भलत्याच बाजूने बाहेर येतो. चौकोनांची उंचीही टेबलावरच्या मॉनिटरप्रमाणे जुळवावी.

ज्या मॉनिटरवर टास्कबार आणि मुख्य काम हवे, त्याचा चौकोन निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’वर खूण करावी. रिझोल्यूशनमध्ये ज्या पर्यायापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असते तोच ठेवावा. अक्षरे लहान वाटली तर रिझोल्यूशन कमी करू नये, ‘स्केल’ १२५ टक्के करावे. रिझोल्यूशन कमी केल्याने अक्षरे मोठी होतात, पण धूसरही होतात. देवनागरीतल्या मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे वाचताना ते लगेच जाणवते.

अर्ज किंवा सातबारा असे उभे कागद पाहायचे असतील आणि मॉनिटरचा स्टँड फिरत असेल, तर मॉनिटर उभा करून ‘डिस्प्ले ओरिएंटेशन’मध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडावे. ए-फोर आकाराचे पूर्ण पान एका नजरेत दिसते. जुन्या नोंदवहीचे रुंद पान असेल तर आडवा मॉनिटरच सोयीचा.

उबुंटू लिनक्समध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ येथे ‘जॉइन’ आणि ‘मिरर’ हे पर्याय असतात. ‘जॉइन’ म्हणजे विंडोजमधले ‘एक्स्टेंड’. मॅकमध्ये ‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘डिस्प्लेज’ येथे हेच करता येते. एम-१ चिपच्या मॅकबुक एअरला थेट एकच बाहेरचा मॉनिटर जोडता येतो.

मॉनिटर कुठे ठेवावा?

ज्यावर टाइप करायचे तो मॉनिटर बरोबर समोर, आणि ज्यावर कागद वाचायचा तो बाजूला, किंचित आत वळवून. दोन्हींवर सारखेच काम असेल तर दोन्हींची जोडकड नाकासमोर यावी. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली असावी आणि अंतर साधारण हातभर. एक मॉनिटर खाली राहत असेल तर त्याखाली जाड पुस्तके ठेवून उंची जुळवावी. दोन्हींचा उजेड सारखा करावा. एक झगझगीत आणि एक मंद असेल तर डोळे लवकर थकतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद लांबवर, साधारण २० फुटांपलीकडे पाहावे.

लक्षात ठेवावीत अशी बटणे

• विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण: उघडी विंडो दुसऱ्या मॉनिटरवर जाते.
• विंडोज + वरचा बाण: विंडो पूर्ण स्क्रीनभर होते.
• विंडोज + स्पेसबार: मराठी आणि इंग्रजी कीबोर्ड बदलतो.
• विंडोज + के: वायरविना चालणाऱ्या टीव्ही किंवा स्क्रीनचा शोध सुरू होतो.

चित्र आले नाही तर

• ‘नो सिग्नल’ दिसते: मॉनिटरचा इनपुट चुकीचा निवडलेला असतो किंवा केबल सैल असते. दोन्ही टोके काढून पुन्हा लावावीत, मग विंडोज + पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे.

• तरीही काही नाही: डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘डिटेक्ट’ दाबावे. तोच मॉनिटर त्याच केबलने दुसऱ्या संगणकाला लावून पाहावा. तिथे चालला तर दोष संगणकाच्या पोर्टमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

• ‘आउट ऑफ रेंज’ दिसते: मॉनिटरला न पेलणारे रिझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट निवडला गेला आहे. रिझोल्यूशन कमी करून रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ ठेवावा.

• चित्र पिवळे, गुलाबी किंवा निळसर: व्हीजीएची पिन वाकलेली किंवा केबल सैल असते.

• आवाज बंद झाला: एचडीएमआय जोडल्यावर संगणक आवाज मॉनिटरकडे पाठवतो, आणि अनेक मॉनिटरांना स्पीकर नसतो. टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हातून जुना स्पीकर पुन्हा निवडावा.

• विंडो हरवली: दुसरा मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो कधी दिसेनाशी होते. टास्कबारवरील तिच्या चिन्हावर क्लिक करून विंडोज + शिफ्ट + बाण दाबावा.

ड्रायव्हर टाकायचा झाल्यास तो संगणक किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. दुरुस्तीच्या नावाखाली फोनवरून स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्या अनोळखी माणसाला संगणकाचा ताबा देऊ नये. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करावी.

वीज किती लागते?

२२ इंची एलईडी मॉनिटरला साधारण २० वॉट लागतात. रोज ८ तास चालवला तर दिवसाला ०.१६ युनिट, महिन्याला सुमारे ५ युनिट. जुना जाड काचेचा सीआरटी मॉनिटर याच्या तीन-चार पट वीज खातो. युपीएसवर दुसरा मॉनिटर लावल्याने वीज गेल्यावर मिळणारा वेळ थोडा कमी होतो. वेळ कमी पडत असेल तर युपीएसवर सीपीयू आणि मुख्य मॉनिटर एवढेच ठेवता येते. मात्र मग वीज गेल्यावर दुसऱ्या मॉनिटरवरच्या विंडो मुख्य मॉनिटरवर आणाव्या लागतात.

समोरच्या माणसाला स्क्रीन दाखवताना

घरून अर्ज भरून देणारे अनेकजण दुसरा मॉनिटर अर्जदाराकडे वळवून ठेवतात. ही पद्धत चांगली आहे. ‘सबमिट’ दाबण्याआधी अर्जदाराला स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, गट क्रमांक आणि बँक खाते स्वतः वाचता येते. वाचता येत नसेल त्याला आकडे वाचून दाखवता येतात. अर्ज जमा झाल्यानंतर दुरुस्तीची सोय प्रत्येक ठिकाणी नसते.

पण अशा वेळी ‘डुप्लिकेट’ वापरू नये. त्यात आधीच्या अर्जदाराचे आधार, उघडे ईमेल, सगळेच समोर दिसते. ‘एक्स्टेंड’ ठेवून फक्त त्या माणसाचा अर्ज त्या स्क्रीनवर न्यावा, आणि काम झाल्यावर विंडो बंद करावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन मॉनिटरवर दोन माणसे वेगवेगळे काम करू शकतात का?
नाही. माउसचा बाण एकच असतो. त्यासाठी दुसरा संगणक लागतो.

जुना लॅपटॉप केबलने मॉनिटर म्हणून वापरता येतो का?
नाही. लॅपटॉपच्या एचडीएमआय पोर्टमधून चित्र फक्त बाहेर जाते. दोन्हींत विंडोज १० किंवा ११ असेल आणि वायफाय साथ देत असेल, तर जुन्या लॅपटॉपच्या सेटिंगमधील ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’ने वायरविना हे जमते.

संगणक मंद होतो का?
मजकूर, तक्ते आणि ब्राउझर यांच्या कामात सहसा फरक जाणवत नाही. गेम किंवा व्हिडिओ संपादनात जाणवू शकतो.

बिघडलेल्या मॉनिटरचे काय करावे?
सीआरटीच्या काचेत शिसे असते. तो फोडू नये, उघड्यावर टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार अशी उपकरणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांपर्यंत जाणे अपेक्षित आहे. मॉनिटरच्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे जवळच्या संकलन केंद्राची चौकशी करता येते.